लाँड्रीतल्या पोरी रेडिओ ऐकतात

लाँड्री, दुपारची सुट्टी
१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका ठेवणीतल्या आवाजात बोललास की मला वाटलं बातम्याच सांगतोयस. फोनवर तू रेडिओसारखा बोलतोस आणि मी भांडल्यासारखी, म्हणून हे कागदावर. कागद मध्ये तोंड घालत नाही.

तुझे नवे साहेब म्हणतात म्हणे, आजकालची पोरं रेडिओ ऐकत नाहीत. म्हणून मार्च संपला की तुझा ‘कामावरून घरी’ बंद आणि त्या जागी वरून तयार येईल तो कार्यक्रम. साहेबाला काय कळतं? कालपरवा खुर्चीत बसलेला माणूस. तू मला विचारलंस की ताई, तुझ्या हाताखाली एवढ्या तरुण पोरी आहेत, त्या ऐकतात का ते खरं सांग, तुझ्याशिवाय कुणी खरं सांगणार नाही.

तर ऐक. ऐकतात. घडीच्या टेबलावर जी फळी आहे ना, तिथे तू दिलेला रेडिओ आहे. साडेपाचला तुझा आवाज आला की पोरींचे हात थांबतात. मी ओरडते, अगं बायांनो, हॉस्पिटलच्या चादरी तो रेडिओतला बाबा येऊन घडी करणार आहे का. पण त्या हलत नाहीत. इस्त्रीवर एक लांबडी आहे, ताडमाड वाढलेली, ती तर मला विचारते की मावशी, तुमचा भाऊ दिसायला कसा आहे. मी म्हटलं, आवाजावर जाऊ नकोस, टक्कल पडलंय.

हे सगळं तुझ्या साहेबाला सांग आणि वर हेही सांग की माझी बहीण चौथीपर्यंत शिकली आहे, पण थापा मारत नाही.

तुझे भाऊजी गुडघा धरून बसलेत. डॉक्टरकडे चला म्हटलं की गुडघा लगेच बरा होतो. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद. माया आहे तशी असू दे, मी वरचेवर विचारपूस केली नाही तरी.

तुझी ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगू, मी ते दोनदा वाचलं आणि मग कपाटात ठेवायच्या ऐवजी खिशात ठेवलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पुन्हा तरुण श्रोत्यांचा विषय काढला, तेव्हा ते पत्र काढून मी वाचूनच दाखवलं. टक्कल वगळलं.

मीटिंगमध्ये सगळे हसले, पण मी साहेबांना सांगितलं की हे लिहिणारी बाई कुणाचं मन राखायला लिहीत नाही. लहानपणी मी गायचो तेव्हा घरात सगळे माना डोलवायचे. तू एकटीने सांगितलंस, गळा फाटका आहे, बोलण्याबिलण्याचं काहीतरी बघ. ते ऐकलं म्हणून आज पोटापाण्याला लागलो आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीने ऐकतात म्हटलं तर ऐकतात.

साहेबांच्या मनावर परिणाम झाला. त्यांनी विचारलं, मग आपण तिथेच जाऊन त्या मुलींना बोलतं का करू नये? ते ध्वनिमुद्रण कार्यक्रमात लावू आणि वरच्या ऑफिसलाही पाठवू. ते वर पोचलं तर कार्यक्रम राहील, असं त्यांनी स्वतः सांगितलं. दोन फेब्रुवारीला, मंगळवारी, आम्ही येतो. साहेबही बरोबर आहेत. तुमच्या मालकीणबाईंची परवानगी ऑफिसातून मागितली आहे.

एकच विनंती. मुलींना काही शिकवून ठेवू नकोस. जे मनात येईल ते बोलू दे. तेच चांगलं लागतं.

हिचा तुला नमस्कार. भाऊजींना म्हणावं, गुडघ्याकडे दुर्लक्ष नको. असाच पाठीवर हात असू दे.

तुझा
धाकटा


लाँड्री
२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला मी पत्र लिहिलं होतं, मीटिंगमध्ये वाचायला भाषण नव्हतं लिहिलं. माणसाला काही खासगी असतं की नाही?

इकडे यायचं काही नडलंय का? एक तर इथे वाफ फार. तुमच्या त्या यंत्रात पाणी शिरेल. दुसरं म्हणजे कपडे वाळवायच्या मोठ्या मशिनींचा असा घरघराट असतो की शेजारी उभ्या असलेल्या बाईला हाक मारायची तर ओला टॉवेल फेकावा लागतो. तिसरं, पोरी लाजाळू आहेत. चौथं, मालकीण. तिने तुमच्या ऑफिसला हो म्हणून टाकलं आणि आता मला म्हणते, भिंतीला रंग देऊ का? रेडिओसाठी रंग देतेय. अशा माणसांत मी दिवस काढते.

तू एकटाच ये. सुट्टी काढ, घरी दोन घास खा, साहेबाला कशाला मिरवत आणतोस?

आता येणारच असाल तर साडेतीनला या, तेव्हा मशिनी थंड असतात. आणि लांबडीलाच आधी विचार. बाकीच्या बसतील तोंड शिवल्यासारख्या.

पोरींना शिकवायला मला वेळ आहे का? चादरी कोण मोजणार?

सगळ्यांना आशीर्वाद. माझ्यावर तू फार भरवसा ठेवतोस, तो जरा बेताने ठेव.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. आज बसलो.

त्या दिवशी दारातून आत आलो तेव्हाच मला जरा चमत्कारिक वाटलं. मुली तोंड धुऊन, केस विंचरून रांगेत उभ्या होत्या. फळीवरचा रेडिओ चकाचक पुसलेला होता. म्हटलं, साहेब येणार म्हणून ताईने केलं असेल. माईक लांबडीपुढे धरला आणि विचारलं, कार्यक्रमात काय आवडतं? ती डोळे मिटून घडाघडा म्हणाली की शुक्रवारी ‘आवाज कुणाचा’ असतं ते फार आवडतं, परवा कुलपाचा आवाज होता तो मी पटकन ओळखला. तिच्यानंतरची म्हणाली, मलाही ‘आवाज कुणाचा’च आवडतं, मी पाण्याचा पंप ओळखला. तिसरीने पुन्हा कुलूपच सांगितलं.

ताई, ‘आवाज कुणाचा’ बंद होऊन किती तरी वर्षं झाली. आवाज गोळा करून आणणारा आमचा माणूस निवृत्त झाला, त्याच्याबरोबर तो भागही गेला. कुलूप आणि पंप तेव्हाचेच. तुला लक्षात राहिले.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू एकच चादर पुन्हा पुन्हा घडी करत होतीस.

साहेब मान डोलवत होते. त्यांना काहीच खटकलं नाही. म्हणजे तेही ऐकत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी तिथेच यंत्र बंद करायला हवं होतं. नाही केलं. साहेब खूश होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मला नोकरीच्या इतक्या वर्षांत असा हात फारसा लाभलेला नाही. गुरुवारी ते मुद्रण जसंच्या तसं लावलं.

कार्यक्रम संपायच्या आत स्टुडिओतला फोन वाजायला लागला. एक झाला की दुसरा. सगळे म्हातारे आवाज. ‘आवाज कुणाचा’ परत सुरू झालं का? उद्या शुक्रवार, उद्या लागणार का? एक आजी म्हणाल्या की मी उद्या दुपारी झोपायची नाही. सगळे इतके आनंदात होते की मी हो-नाही करत फोन ठेवत गेलो. त्या शुक्रवारी मी माईकपुढे बसलो आणि रोजच्यासारखा कार्यक्रम केला. त्या भागाबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. म्हणजे ते सगळे वाट पाहत बसले असतील.

मुली ऐकत नसतील तर त्यात नवल नाही. माझी स्वतःची मुलं ऐकत नाहीत. मला एवढंच विचारायचं आहे. तू शेवटचं कधी ऐकलंस?

तब्येतीला जप. हिचा नमस्कार.

तुझा
धाकटा


घरून
१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा घरी पाहुणे बसलेले होते. वाचता वाचता माझं तोंड असं झालं की पाहुण्यांनी विचारलं, काही वाईट बातमी का. मी म्हटलं, लाइटबिल.

विचारलंस ते सांगते. कधी ऐकलं ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे तेवढे दिवस झाले.

फळीवर रेडिओ आहे हे खरं. पण त्याची वायर काढून तिथे पोरींचे मोबाईल चार्जिंगला लागतात. एवढंसं बोंडूक कानात घालून त्या दिवसभर आपापलं ऐकतात. काय ऐकतात ते त्यांचं त्यांना माहीत. मी बडबडले तर एक कान मोकळा करतात, मी गप्प झाले की परत बंद. आणि मी काही त्यांच्याहून शहाणी नाही. संध्याकाळी घरी आले की मोबाईलवर गालिचे धुण्याचे व्हिडिओ बघते. कुणीतरी चिखलाने भरलेला गालिचा घेतो आणि घासून घासून लख्ख करतो. दिवसभर चादरी धुवायच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याने धुतलेले गालिचे बघायचे! तुझे भाऊजी हसतात. सुट्टीच्या दिवशी साडेपाचलाही मी नेमकी तेच बघत असते. सख्ख्या भावाचा आवाज सोडून.

पोरी ऐकत नाहीत असंच तुला लिहायला पेन उचललं होतं. पण तू फोनवर विचारताना तुझा आवाज जरा हलला होता. रेडिओवाल्याचा आवाज हलला म्हणजे काय ते मला कळतं. तर म्हटलं, एकदा गोड बोलून बघू, कुणाचं काय जातंय. मला काय ठाऊक की तू ते पत्र जपून ठेवशील आणि चारचौघांत वाचशील. इतके दिवस खरं बोलून जो मान मिळवला तो असा एका पानात घालवला.

तुम्ही येणार हे ठरल्यावर मी पोरींना घड्या घालता घालता पढवलं. तू नको म्हणाला होतास तरी. बरं, पढवायचं तर नीट पढवावं, निदान एक दिवस रेडिओ लावून बघावा! तेवढंही सुचलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे माझ्या भावाचा कार्यक्रम. खोटं बोलायलाही आधी ऐकावं लागतं, हे मला या वयात कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला त्या धुलाईच्या मशिनीत उडी मारावीशी वाटली होती.

आणि लांबडीचं ऐक. तिने घरी सांगितलं होतं की मी रेडिओवर येणार. तिचा बाप रखवालदार आहे. त्याने माळ्यावरून जुना रेडिओ काढला, झटकला आणि सगळ्यांना बसवून ऐकलं. पोरगी रेडिओ ऐकते म्हणून त्याला असा काही आनंद झाला की आता तो रोज साडेपाचला रेडिओ लावतो आणि ती कामावरून येईपर्यंत तिला सांगायचं सगळं ध्यानात ठेवतो. सुट्टीच्या दिवशी तर शेजारी बसवतो. ती माझ्यापाशी येऊन रडकुंडीला आली. म्हणाली, मावशी, तुम्ही मला बापाशी खोटं बोलायला लावलंत, आता त्याला खरं कुठल्या तोंडाने सांगू. मी तिला म्हटलं, जा, इस्त्री तापलीय.

आता माझं ऐक. साहेबाला कळलेलं नाही ना? मग गप्प बस. म्हातारी माणसं चार दिवस फोन करतील आणि विसरतील. मुद्रण वर जाऊ दे. माझी लाज माझ्यापाशी राहील, पण तुझा कार्यक्रम तरी राहील. एवढं तरी माझ्या हातून बरं होऊ दे.

पत्राखाली काय लिहायचं ते सुचत नाही. लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. मी साहेबांना सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, एवढं काय त्यात, साडेपाचला मी स्वतः गाडीत फोनवर असतो, मीही ऐकत नाही. मुद्रण पाठवून देऊ, वरही कुणी ऐकणार नाही, मुली बोलताहेत एवढंच बघतील. ते हे अगदी चांगल्या मनाने म्हणाले. ज्यात कुणीच कुणाचं ऐकत नाही अशा गोष्टीवर माझा कार्यक्रम टिकायचा होता.

मुद्रण मी परत मागून घेतलं. ते गेलं नाही म्हणजे दाखवायला काही नाही, म्हणून एकतीस मार्चला ‘कामावरून घरी’ बंद. मला दुपारची शेतीची माहिती वाचायला देणार आहेत. नोकरी आहे, काळजी करू नकोस.

काल शुक्रवारी कार्यक्रमात सांगून टाकलं की ‘आवाज कुणाचा’ परत येणार नाही, आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं, वाट पाहायला लावली त्याबद्दल माफी. तुझा किंवा मुलींचा उल्लेख केला नाही. एकही फोन आला नाही. त्या आजी बहुधा झोपल्या असतील.

तुझा राग आलेला नाही. पण आला नाही असं म्हणताना मी तो शोधतोय, हेही खरं. थोडे दिवस जाऊ देत.

तुझा
धाकटा


घरून
१६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू थोडे दिवस जाऊ देत म्हणालास, म्हणून एवढे जाऊ दिले. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला माहीत आहे.

आधी तुला शिव्या घातल्या. अरे, मी नाक कापून घ्यायला तयार होते, तर तू ते मला परत जोडून देतोस, आणि वर तुझंच कापून घेतोस! तुझे भाऊजी म्हणाले, त्याने केलं ते बरोबर केलं. तेव्हा त्यांच्याशीही बोलले नाही. मग एकटी बसले तेव्हा लक्षात आलं की ते बरोबर आहे म्हणूनच मला झोंबतंय.

फळीवरचा रेडिओ मी घरी आणला. चार्जिंगची जागा मोकळी झाली म्हणून पोरी खूश. तेव्हापासून रोज ऐकते. सुट्टी धरून रोज, मालकिणीला सांगून लवकर निघते. तुला माझं खरं मत पाहिजे होतं ना? पहिल्यांदा मागितलंस तेव्हा दिलं नाही. आता घे.

सुरुवातीला तू फार वेळ आभार मानतोस. कसले रे एवढे आभार? माणूस कामावरून दमून आलेला असतो. मधे गाणी लावतोस ती बरी असतात, पण गाण्याआधी गाण्याची एवढी वाखाणणी करतोस की गाणं लाजून जावं. ते तब्येतीचे डॉक्टर येतात ते झोप आणतात, परवा माझा डोळा लागला. खोटं बोलत नाही, खरंच लागला. पण लोकांची पत्रं वाचतोस तेव्हा तू वेगळाच होतोस. त्या दिवशी कुण्या शिंप्याने लिहिलं होतं की डोळे गेले, आता सुई ओवता येत नाही, पण हाताला कापड लागलं की बरं वाटतं. ते वाचून तू काहीच बोलला नाहीस, नुसता थांबलास. मी चहा ओतत होते, तो थांबवला. रेडिओतला माणूस गप्प बसला तर इतकं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. तेवढं तुला येतं. जे उरलेत त्या दिवसांत तेवढंच कर.

पोरींनाही विचारलं. या वेळी पढवलं नाही. माझ्याकडचं सगळं त्यांना सांगितलं, कार्यक्रम आमच्यामुळे गेला हेही सांगितलं. त्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. माझ्यामुळे त्यांनाही लाज. मग म्हटलं, खरं बोला, ऐकाल का? एकीने कानातलं काढून मला दिलं. त्यात कुणीतरी बाई आपल्या सासूबद्दल बोलत होती, फार खरं बोलत होती, मी सगळं ऐकून घेतलं. ती पोरगी म्हणाली, मावशी, आम्ही ऐकतो, दिवसभर ऐकतोच, पण हे पाहिजे तेव्हा थांबवता येतं. रेडिओ आपल्यासाठी थांबत नाही. तुझ्या साहेबाला हे सांगायला हरकत नाही. न सांगितलं तरी चालेल.

लांबडीने मात्र बापाला सांगून टाकलं. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. नंतर म्हणाला, मग आत्ता बस. ती बसते. म्हणते, आवडतं असं नाही मावशी, पण बाबा असतात.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पान संपेल आणि मी पळून जाईन. काल ऐकता ऐकता मला कळलं की मी कशाला ऐकतेय. तू चांगला आहेस म्हणून नाही. तू भाऊ आहेस म्हणूनही नाही, भाऊ तर तू कधीचाच आहेस. एकतीस तारखेला बंद होणार म्हणून ऐकतेय. चालू राहणार असतास तर आजही मी गालिचे बघत बसले असते, आणि पत्रात लिहिलं असतं की ऐकते रे. मला याची सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या खोट्याहूनही जास्त. पण हे खरं आहे, आणि तुला खरं सांगणारी मी एकटीच आहे असं तू एकदा चारचौघांत म्हणाला होतास.

राग सापडला तर माझ्याकडे पाठव, इथेच धुऊन टाकू. नाही सापडला तर शोधू नकोस. शेतीची माहिती किती वाजता असते ते कळव.

तुझी
ताई